‘चेक इंजिन’चा लाइट लागला की खापर ई२० वरच का फुटतं? नॉक सेन्सरची भानगड समजून घ्या

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियावर गाडीवाल्यांचा एकच विषय गाजत होता, तो म्हणजे ई२० पेट्रोल. कुणी म्हणत होतं अ‍ॅव्हरेज पडलं, कुणी म्हणत होतं पिकअप गेला, तर कुणी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या लाइटचा फोटो टाकून खाली लिहीत होतं, ‘बघा, इथेनॉलने इंजिन खाल्लं.’ पेट्रोलियम मंत्रालयाला दोनदा खुलासा करावा लागला. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली. पुढच्या दहा-बारा दिवसांत नितीन गडकरींनी वाहन कंपन्यांच्या कार्यक्रमात सांगितलं की, ही आपल्याविरुद्धची पेड मोहीम आहे.

वाद तिथे संपला नाही आणि संपणारही नाही. पण या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मागे राहिली. ज्या पिवळ्या लाइटचे फोटो फिरत होते, तो नेमका कशासाठी लागला होता, हे फार थोड्यांनी तपासलं. लाइट एकच असतो, त्यामागची कारणं शेकड्यांनी असतात. त्यातलं एक कारण असं आहे, की ते हुबेहूब ई२० च्या तक्रारीसारखं दिसतं. पिकअप मेला, अ‍ॅव्हरेज पडलं, घाटात गाडी दमते. आणि त्याचा पेट्रोलशी बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो.

त्याचं नाव नॉक सेन्सर.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते बघू

फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवली की ती क्रमाने दुसऱ्या टोकापर्यंत वाजत जाते. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्येही असंच व्हायला हवं. स्पार्क प्लगची ठिणगी पडते, आग तिथून सुरू होते आणि पसरत जाते, पिस्टन खाली ढकलला जातो. पण कधी कधी माळ अर्धी वाजेपर्यंत दुसऱ्या टोकाला आपोआप भडका उडतो. सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच पेटतं. त्या धक्क्याने सिलिंडर घंटेसारखा घणघणतो. बाहेर आपल्याला टकटक किंवा खडखड ऐकू येतं. चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात, घाट चढताना पाय दाबला की हमखास. हेच नॉकिंग.

थोडं झालं तर चालतं. रोज झालं तर पिस्टनला खड्डे पडतात, रिंग तुटतात, हेड गॅस्केट जातं. विसाव्या शतकातलं मोटारीचं इंजिन या एका रोगाशी झुंजतच मोठं झालं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं तर नॉकिंग थांबतं हे शोधलं आणि मग जगाने कितीतरी दशकं शिशाचा धूर छातीत भरून घेतला. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं. गंमत म्हणजे नॉकिंगवर चालणारा दुसरा उपाय त्या काळातही माहीत होता. तो होता इथेनॉल.

पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे ऑक्टेन नंबर सांगतो. मंत्रालयाच्या खुलाशात इथेनॉलचा ऑक्टेन साधारण १०८.५ आणि मूळ पेट्रोलचा ८४.४ दिला होता. बीएस-६ पेट्रोलचा ऑक्टेन ९१ असायचा, तो ई२० मध्ये ९५ झाला, असंही त्यात म्हटलं होतं. म्हणजे ई२० वर आक्षेप घ्यायला जागा भरपूर आहे, पण ‘ई२० मुळे इंजिन नॉक करायला लागलं’ हा आक्षेप उलट्या बाजूने चालतो. नॉकिंगच्या बाबतीत ई२० जुन्या पेट्रोलपेक्षा बरंच आहे.

मग सेन्सर काय करतो?

नॉक सेन्सर हा इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला छोटा कान आहे. आत एक पिझो क्रिस्टल असतो. त्याला हादरा बसला की तो किंचित व्होल्टेज तयार करतो. नॉकिंगची घणघण एका ठरावीक सुरात असते. सिलिंडर जितका अरुंद, तितका सूर वरचा. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या इंजिनात तो सेकंदाला सात-आठ हजार कंपनांच्या आसपास येतो. गाडीचा ईसीयू, म्हणजे तिचा मेंदू, बाकीचा गोंगाट बाजूला सारून तेवढाच सूर ऐकतो. सूर ऐकू आला की ठिणगी थोडी उशिरा पाडतो. नॉकिंग थांबलं की ठिणगी हळूहळू पुन्हा पुढे आणतो. हे सगळं सेकंदाच्या काही अंशांत होतं, आपल्याला कळतही नाही.

आता खरा मुद्दा इथे आहे. सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली तर ईसीयू बहिरा होतो. बहिरा झालेला ईसीयू धोका पत्करत नाही. तो लाइट लावतो आणि ठिणगी कायमची उशिरा पाडायला लागतो. नॉकिंग होवो न होवो, टायमिंग मागेच. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. तेवढ्याच कामाला जास्त पेट्रोल लागतं. ओव्हरटेक करताना गाडी जीव सोडते.

म्हणजे मालकाला जे जाणवतं ते तंतोतंत तेच, जे रोज रील्समध्ये ई२० च्या नावाने सांगितलं जातंय. मग तो पेट्रोलपंप बदलतो, महागडं पेट्रोल भरतो, मंत्र्यांना टॅग करतो आणि बोनेटखाली कुरतडलेली वायर तशीच लोंबकळत राहते.

ई२० ने अ‍ॅव्हरेज पडत नाही असं नाही. पडतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे पुस्तकातलं गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के पडेल आणि ई२० साठी जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्के. सरकारने नंतर हा फरक ‘किरकोळ’ म्हणून सांगितला तेव्हा लोक चिडले, ते साहजिक होतं. महिन्याला पाच हजारांचं पेट्रोल भरणाऱ्याला ६ टक्के म्हणजे ३०० रुपये. पण एखाद्याचं अ‍ॅव्हरेज २० टक्के पडलं असेल तर ते सगळं इथेनॉलच्या खात्यावर टाकता येत नाही. वरच्या फरकाचं कारण गाडीत शोधायला हवं.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

चेक इंजिनचा लाइट लागला की ईसीयूमध्ये एक कोड साठतो. नॉक सेन्सरचे कोड पी ०३२५ च्या आसपास असतात. पी ०३२५ म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. ०३२६ म्हणजे सिग्नल येतोय पण अपेक्षेबाहेरचा. ०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी, ०३२८ म्हणजे फार जास्त. व्ही-६ सारख्या इंजिनांत दोन सेन्सर असतात, तिथे दुसऱ्याचे कोड ०३३० पासून सुरू होतात.

इथे गॅरेजमध्ये दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे स्कॅनरवर ‘नॉक सेन्सर’ हे शब्द दिसले की सेन्सर बदलायचा. कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही. तो म्हणतो, सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग आणि ईसीयूची पिन. दुसरी चूक म्हणजे ‘इंजिन नॉक करतंय म्हणून लाइट लागला’ असं गिऱ्हाइकाला सांगायचं. इंजिन नॉक करत असेल आणि सेन्सर ठणठणीत असेल, तर तो टायमिंग मागे घेऊन निभावून नेतो, लाइट बहुधा लागतच नाही. पी ०३२५, ०३२७ आणि ०३२८ हे विजेच्या बिघाडाचे कोड आहेत. पेट्रोल कसलंही भरलं तरी ब्लॉकच्या बाहेर बसलेल्या सेन्सरची वायर त्याने तुटत नाही.

ई२० मुळे जुन्या गाडीत एखादा कोड यायचाच असेल तर तो वेगळा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९. म्हणून ई२० वर तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते वाढवतो. वाढवता वाढवता त्याची मर्यादा संपली, तर पी ०१७१ येतो, म्हणजे मिश्रण पातळ झालं. हा कोड घेऊन कुणी ई२० बद्दल भांडत असेल तर त्याच्या म्हणण्यात दम असू शकतो. तरी त्याआधी फाटलेला व्हॅक्यूम पाइप आणि कचरा भरलेला इंजेक्टर बघायला हवाच.

त्यामुळे लाइट लागला की पहिलं काम म्हणजे कोड लिहून घेणं. स्टेअरिंगखालच्या पोर्टमध्ये लागणारे ब्लूटूथ डोंगल स्वस्तात मिळतात, मोबाइलच्या अ‍ॅपवर कोड दिसतो. मात्र लगेच ‘क्लिअर’ दाबू नका. कोड आला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती गरम होतं, गाडीचा वेग काय होता, हे ईसीयूने साठवून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तो पंचनामाही पुसला जातो. बॅटरीची वायर काढून लाइट घालवण्याचा जुना जुगाडही तेवढ्यासाठीच वाईट.

उंदीर, पाणी आणि पाना

आपल्याकडे नॉक सेन्सरचा पहिला शत्रू उंदीर आहे. पावसाळ्यात उबेला बोनेटमध्ये शिरतो आणि हाताला लागेल ती वायर कुरतडतो. नॉक सेन्सरचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याच्या वायरवर जाळीचं आवरण असतं, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. उंदराने फक्त ते आवरण खाल्लं आणि आतली तार शाबूत राहिली तरी काम बिघडतं. इग्निशन कॉइलचा खरखराट वायरमध्ये शिरतो आणि ईसीयूला वाटतं नॉकिंग सुरू आहे. अशी वायर साधी चिकटपट्टी गुंडाळून नीट होत नाही, आवरणही जोडावं लागतं.

दुसरा शत्रू पाणी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुतलं आणि दोन दिवसांनी लाइट लागला, ही तक्रार कुठल्याही फिटरला विचारा. कपलरमध्ये पाणी शिरतं, पिनांवर हिरवट थर चढतो. पाणी आणि हा सेन्सर यांचं वैर जुनं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या व्ही-८ पिकअप गाड्यांत दोन्ही नॉक सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखालच्या खोलगट जागेत बसवले होते. तिथे पाणी साचायचं, सेन्सर गंजायचे आणि दोन छोट्या पार्टसाठी अख्खं मॅनिफोल्ड उतरवावं लागायचं. आपल्याकडेही अनेक गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डच्या आडोशाला असतो. त्यामुळे बिलात पार्टपेक्षा मजुरी जास्त दिसली तर लगेच फसवणूक समजू नका. पण म्हणूनच, एवढं खोलायच्या आधी बिघाड सेन्सरमध्येच आहे याची खात्री झालेली असली पाहिजे.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर तिथेही नजर टाकायला हवी. किट बसवताना वायरिंग हलतं, कधी कापलं जातं, ब्रॅकेट सैल राहिलं तर त्याचा खडखडाट सेन्सरला ऐकू जातो.

खात्री करायला फार मोठं मशीन लागत नाही. इंजिन बंद करून कपलर काढायचा, पिना बघायच्या, मल्टीमीटरने सेन्सरपासून ईसीयूपर्यंत वायर सलग आहे का ते तपासायचं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि वायर हलवून बघायची, कारण तुटलेली तार सरळ धरली की बऱ्याचदा जोडल्यासारखी दाखवते. मग सेन्सरचा ओहम बघायचा. इथे सावध. काही सेन्सर दहा लाख ओहमच्या वर दाखवतात आणि ते बरोबर असतं, काहींत आतच रेझिस्टर असतो म्हणून एक-दोन लाख दाखवतात. त्या गाडीचा आकडा माहीत नसताना ‘ओपन दाखवतोय, गेला’ असं म्हणणारा फिटर अंदाजावर चालतोय. शेवटची परीक्षा सोपी आहे. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या शेजारी ब्लॉकवर छोट्या हातोडीने हलकं ठोकायचं. आकडा हलला तर कान जिवंत आहे. ठोकायचं ब्लॉकवर, सेन्सरवर नाही.

आणि बदलायचाच असेल तर सगळं गणित त्या एका बोल्टवर आहे. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. बाकीच्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमध्ये असतो. सैल राहिला तर कंपनं पोचत नाहीत, अंगात जोर आहे म्हणून पिळला तर सिग्नल बदलतो किंवा क्रिस्टलला तडा जातो. खालची जागा गंज आणि रंग काढून साफ हवी, मधे वॉशर घालायचा नाही. नवीन सेन्सर टाकूनही आठवड्यात तोच कोड परत आला अशा तक्रारींत टॉर्क पाना वापरला होता का, हा प्रश्न आधी विचारावा. बहुतेक छोट्या गॅरेजात तो पाना भिंतीवरच टांगलेला असतो.

सेन्सर खरं बोलत असेल तर?

आतापर्यंत सेन्सरकडे संशयाने बघितलं. पण कधी कधी सगळं सर्किट ठीक असतं आणि सेन्सर जे सांगतो ते खरं असतं. तेव्हा त्याला गप्प करणं महागात पडतं.

अमेरिकेतलं ह्युंदाई-किया प्रकरण याचं मोठं उदाहरण आहे. त्यांच्या थीटा-२ या २.० आणि २.४ लिटर इंजिनांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजून इंजिन चालता चालता बंद पडत होती, काही गाड्यांनी पेटही घेतला. २०१८ मध्ये कंपनीने लाखो गाड्यांच्या ईसीयूत नवं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात नॉक सेन्सरलाच वेगळं काम दिलं होतं, बेअरिंग सुटण्याआधीची थरथर ओळखायची. ती ऐकू आली की पी १३२६ कोड येतो, लाइट लुकलुकतो आणि गाडीचा वेग मर्यादित होतो. या कोडवर जो मालक सेन्सर बदलून मोकळा होईल, त्याने धोक्याची घंटाच काढून ठेवली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी वाहन सुरक्षा यंत्रणेशी झालेल्या तडजोडीत, गाड्या वेळेवर परत न बोलावल्याबद्दल दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक जबाबदारी आली.

आपल्याकडे खरं नॉकिंग होण्याची कारणं साधी असतात. चुकीच्या हीट रेंजचा स्पार्क प्लग, पिस्टनवर साचलेला कार्बन, गरम होणारं इंजिन. पेट्रोलचा हात असलाच तर तो इथेनॉलपेक्षा पाण्याचा असतो. इथेनॉल पाणी ओढतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी जास्त शिरलं तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर राहतं ते ऑक्टेन घसरलेलं पेट्रोल, ते खरंच नॉक करतं. तळाचं मिश्रण आलं तर गाडी सुरूच होत नाही. टाकीत पाणी जाणं ही कल्पना नाही. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एका पंपावर इंधन भरून थोड्याच वेळात बंद पडल्या होत्या. ते डिझेल होतं, पण पाणी पंपाच्या टाकीतलंच होतं.

असा संशय आला तर तेल कंपनीचे नियम गिऱ्हाइकाच्या बाजूने आहेत. पंपावर घनता तपासून मागता येते, टाकीत पाणी आहे का हे रंग बदलणाऱ्या पेस्टने बघून मागता येतं आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. भरल्याची पावती आणि वेळ जपून ठेवायची, टाकी रिकामी करायच्या आधी बाटलीत नमुना काढायचा. पारदर्शक बाटलीत दोन थर दिसले तर तो फोटो कुठल्याही डॅशबोर्डच्या फोटोपेक्षा जास्त बोलतो.

आणि गॅरेजमधून गाडी घेताना जुना सेन्सर परत मागा, बिलावर कोड नंबर लिहून घ्या. मग फिटरला शेजारी बसवून जवळच्या एखाद्या चढावर गाडी न्या, मोबाइलवर इग्निशन टायमिंगचा आकडा उघडा. पाय दाबल्यावर तो मागेपुढे होत असेल तर ईसीयूला पुन्हा ऐकू यायला लागलंय. एका जागी खिळून राहिला तर लाइट बंद असला तरी गाडी घरी नेऊ नका.